पांडवलेणीच्या पायऱ्या: गुडघा दुखतो तो उतरताना

नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला सुरुवात करताय ना, मग चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष द्या. मांडीच्या पुढचे चार स्नायू एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतात, आणि वाटीखालचा जाड पट्टा नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. उतरताना हे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात; त्यात घाबरण्यासारखं काही नाही. वाटीभोवती दुखत असेल, तर मात्र गुडघा आत वळतोय का ते बघा.

आरशासमोर साधारण १५ सेंमी उंच पायरीवर एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची टाच हळूहळू, तीन आकडे मोजत, जमिनीला टेकवा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच राहिला पाहिजे. प्रत्येक पायाने १० वेळा, असं तीनदा, एक दिवसाआड. गुडघा आत जात असेल तर दोष बहुधा कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंचा असतो. त्यासाठी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून उचला.

पोटरीत स्नायूंचे दोन थर असतात. भिंतीला हात टेकून मागचा गुडघा सरळ ठेवला की वरचा ताणला जातो, थोडा वाकवला की आतला. दोन्ही ३०-३० सेकंद करा. बहुतेकजण दुसरा प्रकार विसरतात, आणि मग टाचेमागचा जाड पट्टा आखडतो.

एकाच पोटरीला सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर अजिबात चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा; शिरेत रक्ताची गाठ असू शकते.