हाड जुळवायचं औषध आणि अकरावीचं गणित

प्रश्न: मुलगी अकरावीत आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या बाबांना मोटरसायकलचा अपघात झाला. नडगीत रॉड टाकला तरी आठ महिने हाड जुळेना. शेवटी कमरेचं हाड काढून तिथे भरलं. तेव्हा डॉक्टर 'ग्रोथ फॅक्टर'बद्दल बोलले होते. तेव्हापासून तिचं एकच, 'मला हेच करायचंय.' क्लासवाले म्हणतात, गणित सोडा, नीटचं बघा. काय करावं? – एक आई, संगमनेर

उत्तर: ताई, नमस्कार. आधी गणिताचं सांगते. सोडू देऊ नका.

बाबांच्या नडगीत कमरेचं हाड भरलं ते नुसती फट बुजवायला नव्हे. त्या हाडात जिवंत पेशी असतात आणि 'इथे हाड बनवा' असा निरोप देणारी प्रथिनंही असतात. तेच ग्रोथ फॅक्टर. १९६५ साली लॉस एंजेलिसचे अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी आम्लाने हाडातलं कॅल्शियम काढलं, उरलेला भाग सशाच्या स्नायूत ठेवला, आणि चक्क मांसात हाड धरलं! हे प्रथिन शोधण्याच्या कामात पुढे नाव झालं ते हरी रेड्डींचं. भारतातून अमेरिकेत गेलेले. ते सर्जन नव्हते, प्रयोगशाळेतले संशोधक होते.

आता तिला हे दाखवा. असं एक प्रथिन, बीएमपी-२, अमेरिकेत २००२ साली मणक्याच्या आणि २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झालं. ऑपरेशनच्या टेबलावर ते कोलॅजनच्या स्पंजवर ओततात आणि किमान पंधरा मिनिटं थांबतात, प्रथिन स्पंजला नीट धरावं म्हणून. नुसतं टोचलं तर ते लगेच वाहून जातं. मानेच्या मणक्यात मंजुरी नसताना वापरलं तेव्हा काही रुग्णांच्या घशाला सूज आली, श्वास अडकला. २००८ साली तिथल्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. म्हणजे खरी मेख मात्रेत आणि स्पंजमध्ये आहे. किती, कुठे आणि किती दिवसांत सुटावं, हे गणित आहे, ताई.

डॉक्टर व्हायचं असेल तर नीट, एमबीबीएस, मग एमएस ऑर्थो. रस्ता लांब, पण युरिस्ट त्याच वाटेचे. प्रथिनात रस असेल तर बीएस्सी करून आयआयटीची जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा. या परीक्षेच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीचं गणित असतं. स्पंज बनवायचा असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत शरीरात बसवायच्या साहित्यावर वर्षानुवर्षं काम चालतं, ते तिने जरूर बघावं. क्लासवाल्यांना यातला पहिलाच रस्ता दिसतो. त्यांचा धंदाच तो.

बाबांचे एक्स-रे जपून ठेवलेत ना? तारखेने लावून तिच्या हातात द्या. प्रत्येकात काय बदललं ते तिने स्वतः लिहावं. आणि पुढचं पत्र तुम्ही नका लिहू, तिलाच लिहू द्या.