फ्रान्सच्या कालव्यांतून निवांत फिरत बोटीतच राहायचं असेल, तर कोणती बोट घ्यावी?
दोघंच असाल तर १० ते १२ मीटरची जुनी डच पोलादी मोटरबोट बघा. तिथले बरेचसे कालवे १८७९ मध्ये ठरलेल्या फ्रेसिने मापाचे, लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पाण्यात नेणारे दरवाज्यांचे हौद) साधारण ३८.५ मीटर लांब नि ५ मीटर रुंद, त्यामुळे लांबी क्वचितच आड येते. आड येतात ते कमानीचे पूल! निव्हर्ने कालव्यावर जेमतेम २.७ मीटर उंची मिळते. म्हणून पाण्यावरची उंची आधी मोजा. काच आणि छत खाली पाडता येत असेल तर उत्तमच. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तेव्हा बोटीचं बूड १.२ मीटरपेक्षा खोल नको. २० मीटरच्या पुढे वेगळा परवाना लागतो, तो मोह टाळा. व्यवहाराआधी बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी तपासून घ्या. विमा कंपन्या बहुधा ४ मिमी मागतात. हिवाळ्यातही राहणार असाल तर डिझेल हीटर हवाच.