मधुमेहाचा धोका विचारताना

बायकांना त्यांच्या मधुमेहाच्या धोक्याबद्दल विचारायची तुझी प्रश्नावली पाहिली. 'तुम्हाला मधुमेह होण्याची शक्यता किती टक्के?' हा प्रश्न आधी काढ. लोक पटकन '५०' म्हणतात आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा 'काय सांगू बाई, देवाला ठाऊक' एवढाच असतो. तू मात्र त्याची सरासरी काढत बसशील. त्यापेक्षा 'अजिबात नाही' ते 'खूप जास्त' अशा पाच पायऱ्या ठेव. 'सांगता येत नाही' हा पर्याय वेगळा दे.

सोबत तुलनेचा प्रश्न हवाच: तुमच्या वयाच्या इतर बायकांपेक्षा तुम्हाला धोका कमी, तेवढाच की जास्त? वाईट ते दुसऱ्यांच्या वाट्याला येईल असं बहुतेकांना वाटतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये दाखवलं होतं. ते इथेच पकडता येतं. आणि अट घाल, 'आत्ताचं खाणं-फिरणं असंच राहिलं तर?' नाहीतर उद्यापासून चालायला जायचं ठरवलेली बाईही 'कमी' सांगून मोकळी होते.

त्यांची समजूत खऱ्या धोक्याशी ताडून बघायला चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाचा २००५ चा भारतीय मधुमेह जोखीम गुणांक वापर. त्यात वय, कंबरेचा घेर, हालचाल आणि आई-वडिलांचा मधुमेह यांना गुण देतात. १०० पैकी ६० किंवा जास्त गुण म्हणजे जास्त धोका. टेप मात्र मुलाखत संपल्यावरच बाहेर काढ, कंबर मोजली की उत्तरं बदलतात.

सासूबाई शेजारी असल्या तर 'आमच्यात कुणाला साखर नाही' असं त्याच सांगतील. ते सासरचं झालं. तू तिच्या माहेरचं, आई-वडिलांचं विचार.