अटेंडंटसाठी एकच मराठी शब्द शोधू नका

अनुवादाला सुरुवात करताय, छान! हा शब्द आला की आधी एवढंच पाहा: हा अटेंडंट कुठे आहे आणि काय करतोय?

रेल्वेच्या एसी डब्यात चादरी-उशा देणारा कोच अटेंडंटच राहू द्या, लोक तसंच म्हणतात. विमानात ‘हवाई सेविका’ चालतं, पण हे काम पुरुषही करतात हे विसरू नका. कॉलेजातलं पद असेल तर ‘प्रयोगशाळा परिचर’ हा शब्द भरतीच्या जाहिरातींत रुळलेला आहे.

खरा घोळ होतो रुग्णालयात. ‘पेशंटजवळ एकच अटेंडंट थांबेल’ या पाटीतला अटेंडंट म्हणजे घरचं माणूस. मी सुरुवातीला तिथे ‘परिचर’ लिहिलं होतं. वाचणाऱ्यांना वाटलं, माणूस रुग्णालयच देणार! ‘रुग्णाजवळ एकच नातेवाईक’ लिहा, लगेच कळतं.

आणखी दोन चुका हमखास होतात. सभेला आलेला माणूस अटेंडंट नव्हे, अटेंडी. त्याला ‘उपस्थित’ म्हणा. आणि ‘अटेंडंट रिस्क्स’मध्ये माणूस नसतोच, तिथे ते विशेषण आहे: ‘त्यासोबत येणारे धोके’.

व्युत्पत्ती, कायद्यातले बारकावे सध्या राहू द्या. अडलात तर पूर्ण वाक्य पाठवा, सुटा शब्द नको.