घटस्फोटाचा खर्च किती, आणि फ्लॅट ठेवावा का?

आपण विचारले आहे की परस्पर संमतीने घटस्फोट घेण्यास एकूण किती खर्च येतो, वकिलाने सांगितलेली ६० हजारांची फी वाजवी आहे का, आणि दोघांच्या नावावरचा, कर्ज चालू असलेला फ्लॅट आपण स्वतःकडे ठेवावा का. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर थोडक्यात देते, कारण मी लिहायला बसले ती तिसऱ्या प्रश्नामुळे.

फीचा ठरलेला दर कोठेही नाही. त्या ६० हजारांत अर्ज तयार करणे, न्यायालयातल्या दोन्ही वेळच्या हजेऱ्या आणि हुकूमनाम्याची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम आदेशाची, प्रमाणित प्रत हातात पडेपर्यंतचे काम धरले आहे, की प्रत्येक तारखेचे पैसे वेगळे आहेत, हे लिहून घ्या. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. पहिल्या आणि दुसऱ्या सुनावणीमधली सहा महिन्यांची मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील अमरदीप सिंग निकालानंतर, अटी पूर्ण होत असल्यास, माफ करून घेता येते. माझ्या वाट्याला वकिलाचे ४५ हजार आले, आणि त्या सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत लहान खर्च होता.

मोठा खर्च फ्लॅटचा झाला. पुण्यातल्या धायरीतला तो फ्लॅट आम्ही २०१२ मध्ये दोघांच्या नावावर २८ लाखांचे कर्ज काढून घेतला होता. २०१९ मध्ये शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा अर्ज दाखल झाला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५२ लाख होती आणि २३ लाख फेडायचे बाकी होते. नवऱ्याकडून आलेला प्रस्ताव असा होता की फ्लॅट विकावा, उरलेल्या रकमेतला अर्धा वाटा, म्हणजे साडेचौदा लाख, मी घ्यावा, त्यावर एकरकमी पोटगी म्हणून १२ लाख घ्यावेत, आणि मुलीसाठी दरमहा वेगळी रक्कम ठरवावी. मी हा प्रस्ताव स्वीकारणार होते. माझ्या थोरल्या बहिणीने मात्र तो ऐकताच मोडीत काढला. बाईच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर हवे, पैसा आज आहे उद्या नाही, भिंती कुठे जात नाहीत, असे ती रोज सांगत राहिली; आणि आईनेही तिचीच बाजू घेतल्यावर मी १२ लाखांची पोटगी सोडून देऊन कर्जासह संपूर्ण फ्लॅट माझ्याकडे घेण्याच्या अटींवर सही केली.

तेव्हा माझा हातात येणारा पगार ४६ हजार होता आणि हप्ता २८ हजारांचा. मी लेखा विभागात काम करते, दुसऱ्यांचे ताळेबंद रोज जुळवते, तरीही हा साधा हिशोब मी कागदावर मांडला नाही, कारण घर या शब्दापुढे आकडे मांडणे मला त्या दिवसांत कोरडेपणाचे वाटत होते.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पगारात कपात झाली. रिझर्व्ह बँकेने दिलेली सहा महिन्यांची हप्ता-सवलत मी घेतली. हप्ता थांबला तरी व्याज चढतच राहिले, त्यामुळे ऑगस्टअखेर कर्ज लाखभर रुपयांनी वाढलेले होते. याहून वाईट गोष्ट मला उशिरा समजली. न्यायालयातल्या संमतीच्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात. कर्ज दोघांनी मिळून घेतलेले होते आणि माझ्या एकटीच्या पगारावर दुसरे नाव कमी करायला बँक तयार नव्हती. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर करण्याच्या दस्ताचेही तसेच. पती-पत्नी असताना राहत्या घराचे बक्षीसपत्र, म्हणजे आपला हिस्सा मोबदला न घेता देण्याचा दस्त, केले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते. हुकूमनामा झाल्यावर आम्ही कायद्याने परके झालो होतो, आणि दुय्यम निबंधक कार्यालयात मला नवऱ्याच्या अर्ध्या हिश्श्यावर सहा टक्क्यांप्रमाणे दीड लाखांच्या पुढचा आकडा सांगितला गेला. तो दस्त मी करू शकले नाही.

म्हणून २०२२ मध्ये फ्लॅट विकायला काढला तेव्हाही त्याची सही लागली. तो दुसऱ्या शहरात होता. आज येतो, उद्या येतो म्हणत चार महिने गेले, ५३ लाखांना ठरलेले गिऱ्हाईक निघून गेले आणि शेवटी मी ५१ लाखांवर समाधान मानले. भरलेले हप्ते, मेंटेनन्स, मालमत्ता कर, दलाली आणि वाचलेले भाडे असे सगळे धरून मी दोन्ही वाटांचा हिशोब मांडला आहे. पहिला प्रस्ताव स्वीकारला असता तर आज माझ्याजवळ सुमारे पाच लाख रुपये जास्त असते. ताई अजूनही म्हणते की मी घर विकायला नको होते. माझे म्हणणे आहे की मी ते घ्यायलाच नको होते, आणि ज्या भिंतींचा हप्ता भरताना मुलीची सहल दोनदा रद्द करावी लागली, त्या भिंतींना आधार म्हणणे मला मान्य नाही.

तेव्हा फ्लॅटच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: विका, वाटणी करा, आणि तुमची रक्कम दुसऱ्या वेळच्या सुनावणीला डिमांड ड्राफ्टने हातात घ्या. नंतर देतो, या शब्दावर सही करू नका. एकरकमी पोटगीवर साधारणपणे प्राप्तिकर लागत नाही, दरमहा येणारी पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते, हे रक्कम ठरवण्यापूर्वी लक्षात घ्या. लग्नानंतर घेतलेल्या मालमत्तेत बायकोचा आपोआप अर्धा वाटा असतो असे आपल्याकडे पुष्कळजण समजतात. तो नियम गोव्याच्या नागरी कायद्यात आहे, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे जे मिळवायचे ते अटींमध्येच लिहून घ्यावे लागते. पतीच्या कंपनीच्या आरोग्य विम्यातून तुमचे नाव निघेल, तो खर्चही आजच धरा. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याची नामनिर्देशने त्याच आठवड्यात बदला.

हे सर्व परस्पर संमतीच्या प्रकरणापुरते आहे. समोरचा उत्पन्न लपवत असेल तर संमतीची घाई करू नका, कारण पोटगीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि खोटे लिहिणे महागात पडू शकते. ताईच्या बाजूनेही एक गोष्ट लिहायला हवी. तुमचे कर्ज फिटत आले असेल आणि उरलेला हप्ता तुमच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसत असेल, तर फ्लॅट जरूर ठेवा. पण बँकेकडून दुसरे नाव कमी केल्याचे पत्र आणि नोंदणी झालेले बक्षीसपत्र हाती आल्याखेरीज दुसऱ्या सुनावणीला उभ्या राहू नका.