आईसोबत साओ पावलो

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीच्या कामानिमित्त मला जुलैमध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे जायचे आहे. काम आटोपल्यावर काही दिवस मोकळे मिळत असल्याने आईलाही सोबत न्यावे, असे मनात आहे. तिने सत्तरी गाठली आहे, गुडघे दुखतात, शिवाय ती माळकरी असून अंडेही खात नाही. शहर तिला कसे दाखवावे? त्याच दिवसांत रिओही उरकावे का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : स्थळांची यादी करण्याआधी लसीचा प्रश्न मिटवावा. ब्राझीलहून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे यलो फीवरच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका काहीसा अधिक असतो, म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज तिकिटे काढू नयेत. ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार केली जाते, हेही आईंना आधीच सांगितलेले बरे.

रिओ या खेपेस सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विमानाने ते सुमारे तासाभरात येत असले, तरी विमानतळांवरील ये-जा आणि ताटकळणे यांत आईंचा अख्खा दिवस जाईल, आणि एवढे करून कोर्कोवादोच्या डोंगरावर ढग उतरले तर येशूचा पुतळाही नीट दिसायचा नाही.

साओ पावलो बेळगावप्रमाणेच समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. मात्र आपल्याकडे पावसाची झोड असते तेव्हा तेथे कोरडा हिवाळा असतो, त्यामुळे छत्रीपेक्षा स्वेटर कामी येईल. आपल्या मुक्कामात एक रविवार नक्की धरावा, कारण त्या दिवशी आवेनिदा पाउलिस्ता हा मुख्य रस्ता दिवसा वाहनांना बंद असतो आणि वृद्धांपासून लेकरांपर्यंत सारे भर रस्त्यातून रमतगमत चालतात. तेथेच लीना बो बार्दी यांनी रचलेले, १९६८ साली खुले झालेले ‘मास्प’ हे कलासंग्रहालय आहे. इमारत दोन प्रचंड लाल तुळयांना टांगलेली असून तिच्याखाली सुमारे ७४ मीटर लांबीत एकही खांब नाही. आत चित्रे भिंतीवर नसून काचेच्या उभ्या फलकांवर लावलेली आहेत, त्यामुळे ती हवेत तरंगल्यासारखी भासतात आणि त्यांच्यामधून सावकाश फिरता येते. समोरच त्रियानोन उद्यानाची गर्द झाडी आणि बाकडी आहेत. गुडघ्यांनी कुरकुर केली की तेथे बसावे. साठीवरील व्यक्तींना रांगेत अग्रक्रम देणे ब्राझीलमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा संकोच न करता त्या खिडकीकडे जावे. त्या दिवशी एवढेच पुरे.

जेवणाची अडचण वाटते तेवढी नाही. ताट वजनावर देणारी उपाहारगृहे जागोजागी आहेत. तेथे भात, कोशिंबीर, उकडलेल्या भाज्या आपल्या हाताने वाढून घेता येतात. घेवड्याची आमटी मात्र विचारूनच घ्यावी, कारण तिच्यात बहुधा डुकराचे मांस असते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्याच पिठाचे चीज घातलेले छोटे गोल पाव सर्वत्र मिळतात आणि उपवासालाही चालतील असे वाटतात, पण त्यांत सहसा अंडे असते. गळ्यातले सोने घरीच ठेवावे, तुळशीची माळ खुशाल असू द्यावी. मोबाईल रस्त्यात हातात धरून चालू नये, हिसकावून नेतात.

दुसऱ्या एखाद्या सकाळी १९३३ साली सुरू झालेल्या म्युनिसिपल बाजारात जावे. रंगीत काचांच्या खिडक्यांखाली फळांच्या राशी पाहताना आईंचा वेळ छान जाईल. खानापुरात पिकणारे काजू मुळात ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. ब्राझीलमध्ये काजूच्या बोंडाचा रस सर्रास पितात, तो आईंना अवश्य द्यावा. फळवाले मात्र आग्रहाने फोडी चाखायला देतात आणि मग अवाच्या सवा पैसे लावतात, तेव्हा फोड तोंडात घालण्याआधी किलोचा भाव विचारून घेण्याचे काम आईंकडेच सोपवावे.