लव्हाळा उपटून का जात नाही?

प्रश्न : परसातल्या वाफ्यात लव्हाळा कितीही उपटला तरी आठ दिवसांत परत हजर! शेजारचे काका म्हणतात हे गवतच नाही, आणि आमच्या कुंडीतलं अंब्रेला पाम याच्याच घराण्यातलं आहे. खरंय का?

उत्तर : काकांचं दोन्ही बरोबर. फुलाचा दांडा बोटांत धरून फिरवा, तीन कडा हाताला लागतील, तोडला तर आतून भरीव आणि मधे कुठे पेर नाही, गवताची काडी बहुतेक गोल, पोकळ आणि पेरापेरांची असते. पानंही गवताला दोन रांगांत, याला तीन रांगांत. फुलांना पाकळ्या नाहीतच, दोन ओळी खवल्यांची चपटी तपकिरी कणसं, त्यांच्या बुडाशी लांब हिरव्या पट्ट्या, परागीभवनाचं काम वाऱ्याकडे. अंब्रेला पामची ‘छत्री’ म्हणजे याच पट्ट्या, पाम वगैरे काही नाही ते, नर्सरीवाल्यांनी ठेवलेलं नाव.

हे घराणं म्हणजे सायपेरस प्रजाती (जवळच्या जातींचा गट), नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. शेकडो जाती, फार थंड मुलूख सोडले तर जगभर, पण खरी गर्दी उष्ण प्रदेशात आणि ओलीला. नाईलकाठचा चार-पाच मीटर उंचीचा पपायरस यातलाच, अंब्रेला पाम आफ्रिका-मादागास्करकडचं, तमिळनाडूतल्या कोरै चटयाही सायपेरसच्याच, आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला एका जातीच्या गोड गाठींचं दुधासारखं सरबत करतात.

तुमचा लव्हाळा म्हणजे सायपेरस रोटुंडस, नव्वदहून जास्त देशांत शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप. बियांपेक्षा त्याची सगळी भिस्त जमिनीतल्या गाठींवर. तारेसारख्या मुळवजा खोडाने गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात, माळेसारख्या, टोकाच्या गाठीला कोंब फुटला की बाकीच्या गप्प बसतात. तुम्ही वरून ओढता तेव्हा माळ तुटते आणि गप्प बसलेल्यापण फुटायला लागतात, म्हणजे आपणच लागवड केल्यासारखं. प्लॅस्टिक मल्चिंगला, म्हणजे तण दाबायला जमिनीवर अंथरलेल्या कागदालासुद्धा त्याचा टोकदार कोंब भोक पाडतो. उटण्यातला नागरमोथा म्हणजे याच्याच किंवा याच्या भावंडांच्या वाळवलेल्या गाठी, एक चुरडून वास घेऊन बघा.

उपाय कंटाळवाणा आहे. एप्रिल-मेमध्ये वाफा खोल खणून पाणी बंद ठेवा आणि गाठी कडक उन्हात पडू द्या, सुकल्या की मरतात. नंतर दाट पानांचा वेल लावा, सावली याला अजिबात सोसत नाही. वेचलेल्या गाठी मात्र कंपोस्टमध्ये टाकू नका.